विदर्भातील फिरतीच्या कामासाठी लॅपटॉप कसा निवडावा

पाणलोटाच्या नकाशांच्या कामासाठी मला वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस यवतमाळ, अमरावती आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावांमध्ये काढावे लागतात आणि त्या सगळ्या प्रवासात लॅपटॉप पाठीवर असतो. ड्रोनने टिपलेली सहाशे-सातशे छायाचित्रे एकमेकांना जोडून शिवाराचा सलग नकाशा तयार करणे हे त्यातले सर्वांत जड काम. नागपूरच्या वातानुकूलित खोलीत जे काम पाऊण तासात पुरे होत असे, तेच मे महिन्यात पांढरकवड्याकडच्या एका गावात, पत्र्याचे छप्पर असलेल्या समाजमंदिरात, पावणेदोन तास चालले. लॅपटॉप तोच होता आणि छायाचित्रेही तीच होती. ज्यांच्या वावरातून नाला जातो ते शेतकरी कामधाम सोडून समोर बसलेले, आणि पडद्यावरची हिरवी पट्टी मात्र जागची हलायला तयार नाही, अशी ती दुपार होती. आपल्या भागात कामाचा लॅपटॉप निवडताना दुकानातल्या फलकावरील आकड्यांपेक्षा तो आपल्या उन्हाळ्यात कसा वागेल आणि बिघडला तर किती दिवसांत परत हाती येईल, हे आधी पाहावे, असे माझे मत तेव्हापासून पक्के झाले आहे.

त्या दुपारी नेमके काय घडले, ते समजून घेण्यासारखे आहे. प्रोसेसर जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळीच शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ही उष्णता तांब्याच्या नळीतून बारीक पत्र्यांच्या जाळीपर्यंत पोहोचते आणि पंखा त्या जाळीतून खोलीतली हवा ढकलून ती बाहेर टाकतो. प्रोसेसरचे तापमान साधारण १०० अंशांच्या जवळ गेले की स्वतःला जपण्यासाठी तो आपला वेग आपणच कमी करतो. खोलीत २५ अंश असतील तर हवा आणि प्रोसेसर यांच्यात ७५ अंशांचे अंतर मिळते; खोलीतच ४५ अंश असतील तर ५५ अंशांचेच उरते. उष्णता किती वेगाने बाहेर जाईल हे ढोबळमानाने या अंतरावर अवलंबून असल्यामुळे त्याच पंख्याची ताकद एका फटक्यात चौथ्या हिश्शाने घटते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला आणि नागपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवीन नाही. याउलट बहुतेक साध्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचेच तापमान लिहिलेले असते. म्हणजे आपले दोन-अडीच महिने कंपनीने आखलेल्या रेषेच्या बाहेरच जातात.

मात्र उन्हाने चौथा हिस्सा गेला, तरी माझा वेळ दुपटीहून अधिक वाढला होता. बाकीचा दोष नंतर झाकण उघडल्यावर सापडला. जाळीच्या आतल्या बाजूला रुईचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ यांचा बोटाच्या नखाएवढा जाड थर बसला होता. तो चिमटीत धरून उचलला, तर नमद्याच्या तुकड्यासारखा सलग निघाला. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात, वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या ओसरीवर आणि खिडक्या उघड्या ठेवून धावणाऱ्या एस्टीत बसून केलेल्या कामाची ती साठवण होती. म्हणून लॅपटॉप घेतानाच त्याचे खालचे झाकण साध्या स्क्रूने उघडते का आणि पंखा सहज हाताशी येतो का, हे पाहून घ्यावे. वर्षातून दोनदा, म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यावर आणि ऊन तापण्यापूर्वी, मऊ ब्रश आणि हातपंपाच्या फुग्याने जाळी साफ करावी आणि त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची हवा लॅपटॉपवर कधीही मारू नये. तिच्यात पाण्याचा अंश असतो, आणि तिच्या जोराने पंखा मर्यादेबाहेर फिरून त्याचे बेअरिंग खराब होते.

आता ताकदीकडे येऊ. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी येणारे अक्षर अनेकदा त्याआधीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे असते. ‘यू’ असलेले प्रोसेसर साधारण १५ वॅटच्या आसपास चालण्यासाठी बनवलेले असतात. ‘एच’ असलेले २८ ते ४५ वॅटच्या आसपास, आणि दोन्ही थोड्या वेळासाठी त्याहून कितीतरी अधिक वीज ओढतात. एएमडीच्या रायझेनमध्येही ‘यू’ आणि ‘एचएस’ अशीच विभागणी दिसते. दुकानात पाच मिनिटे वापरून जो वेग जाणवतो, तो या थोड्या वेळाचा असतो. आपले काम तासभर सलग चालणारे असेल, तर तो ओसरल्यावर उरणारा वेगच खरा. बातमी लिहिणे, हिशेब ठेवणे, अहवाल तयार करणे, बैठकीत सादरीकरण दाखवणे आणि क्यूजीआयएसमध्ये साधे नकाशे करणे एवढेच काम असेल, तर ‘यू’ वर्गातील प्रोसेसर पुरेसा आहे आणि आपल्या उन्हात तोच अधिक सुखाने चालतो. ड्रोनची छायाचित्रे जोडणे, व्हिडिओ संपादन किंवा ऑटोकॅडची मोठी रेखाचित्रे रोज करायची असतील, तर ‘एच’ वर्ग घ्यावा, पण तो दोन पंख्यांच्या आणि थोड्या जाड देहाच्या लॅपटॉपमध्येच घ्यावा. वहीसारख्या पातळ देहात कोंबलेला बलवान प्रोसेसर ही उन्हाळ्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट खरेदी होय. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डासाठी पैसे मोजण्यापूर्वी आपले सॉफ्टवेअर त्याचा उपयोग करते का, ते तपासावे. ड्रोनच्या छायाचित्रांसाठी ते मोठा फरक पाडते, टॅलीसाठी काहीच नाही.

मॅकबुक घ्यावे का, असे मला अनेकदा विचारले जाते. ॲपलचे एम मालिकेतील प्रोसेसर थोड्या विजेत खूप काम करतात आणि बॅटरी दिवसभर पुरवतात, हे खरे आहे. परंतु मॅकबुक एअरला पंखाच नसतो. त्यामुळे धूळ ओढली जात नाही, हा आपल्याकडे मोठाच फायदा आहे. पण जड काम तापल्या खोलीत लांबले की वेग उतरतो. शिवाय आर्कजीआयएस प्रो आणि टॅली ही सॉफ्टवेअरे विंडोजसाठीच आहेत, तेव्हा ज्याचे काम त्यांवर चालते त्याने हा विचार सोडून द्यावा.

मेमरी, म्हणजे रॅम, १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नये आणि नकाशा किंवा व्हिडिओचे काम असेल तर ३२ जीबी घ्यावी. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही, म्हणून हा निर्णय खरेदीच्या दिवशीच बरोबर घ्यावा लागतो. साठवणीसाठी एसएसडीच हवी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर तरंगणारी सुई असते, आणि धारणी ते सेमाडोहच्या वळणावळणाच्या रस्त्यावर चालू हार्ड डिस्क नेणे म्हणजे आपला डेटा नशिबावर सोपवणे. एसएसडीत हलणारा भागच नसतो. तरीही प्रत्येक मुक्कामी कामाची एक प्रत वेगळ्या एसएसडीवर घ्यावी आणि ती लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये.

टिकाऊपणाच्या जाहिरातीत ‘लष्करी दर्जाचा’ हे शब्द हमखास दिसतात. त्यांचा अर्थ मर्यादित आहे. मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ठरवलेल्या चाचणीपद्धतींचे पुस्तक आहे आणि त्याची ८१०एच ही आवृत्ती २०१९ मधील आहे. त्यात आदळणे, कंपन, उष्णता, दमटपणा, वाळू आणि धूळ अशा अनेक चाचण्या आहेत, पण त्यांतल्या कोणत्या आणि किती कठोरपणे करायच्या हे उत्पादक स्वतः ठरवू शकतो आणि उत्तीर्ण झाल्याचा दाखला लष्कर देत नाही. त्यामुळे ते वाक्य दिसले की पुढचा प्रश्न विचारावा: कोणत्या चाचण्या केल्या? कंपन आणि उष्णता यांची नावे तिथे असतील, तर आपल्या उपयोगाची माहिती मिळाली. याहून नेमके माप म्हणजे आयपी क्रमांक. त्यातील पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दाखवतो, आणि पहिला अंक ६ असेल तर धूळ आत शिरतच नाही. साध्या लॅपटॉपला असा क्रमांक बहुधा नसतोच. पॅनासॉनिकच्या टफबुक किंवा गेटॅकच्या खडतर वापरासाठीच बनवलेल्या यंत्रांना तो असतो, पण ती तीन किलोच्या घरात जातात आणि त्यांची किंमत कित्येक पट असते. खाणीत, जंगलातील गस्तीवर किंवा भर पावसात उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी ती योग्य आहेत. गावोगाव फिरून कुणाच्या तरी छपराखाली बसून काम करणाऱ्याला एवढे ओझे नको.

आपल्यासारख्यांसाठी मधला मार्ग कंपन्या व्यवसायासाठी काढतात त्या मालिकांचा आहे: लेनोव्होचा थिंकपॅड, एचपीचा एलिटबुक, आणि डेलचा लॅटिट्यूड, ज्याचे नाव २०२५ पासून डेल प्रो झाले. या यंत्रांची खोलण्या-जोडण्याची पुस्तिका कंपनीच जाहीर करते, सुटे भाग अनेक वर्षे मिळतात, आणि नागपूर-अमरावतीच्या दुरुस्तीवाल्यांचा हात त्यांवर बसलेला असतो. प्रत्यक्ष हातात घेतल्यावर सर्वांत आधी बिजागरी पाहावी. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये रोवलेल्या पितळी खुंट्यांत बसवलेले असतात, आणि दोन वर्षे झाकण उघडमिट केल्यावर त्या खुंट्या प्लॅस्टिकसकट उखडतात. पडदा एका कोपऱ्याला धरून सावकाश उघडावा. तो पिळवटल्यासारखा वाकला किंवा खालच्या देहाची कडा वर उचलली गेली, तर ते यंत्र एस्टीच्या धक्क्यांसाठी नाही. कीबोर्डवर सांडलेले पाणी खाली वाहून जाण्याची सोय असेल तर उत्तम, कारण बैठकीत चहाचा पेला नेहमी लॅपटॉपशेजारीच ठेवला जातो.

विजेबाबत आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे, की कमी दाबाने लॅपटॉप जळतो. पंपांची पाळी सुरू झाली की गावातला दाब खाली येतो, हे खरे. परंतु लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते, त्यामुळे कमी दाबात तो निवांत चालतो आणि त्यासाठी वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. धोका आहे तो जास्त दाबाचा. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रलची तार तुटली, तर एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो, आणि साधा स्पाइक गार्ड क्षणिक झटक्यासाठी असल्याने तो असा टिकून राहणारा दाब थांबवू शकत नाही. दिवे एकाएकी प्रखर झाले किंवा पंख्याचा आवाज वाढला, तर लगेच प्लग काढावा. जिथे वरचेवर मुक्काम असतो तिथे जास्त दाबाला आपोआप जोडणी तोडणारे उपकरण बसवून घ्यावे. विजा चमकू लागल्या की बॅटरीवर काम करावे.

अनेक गावांत धातूच्या देहाच्या लॅपटॉपवर मनगट टेकवले की बारीक झिणझिण्या येतात. अडॅप्टरमधील गाळणीतून अत्यंत थोडा प्रवाह देहापर्यंत येतो आणि एरवी तो तिसऱ्या पिनेच्या वाटेने जमिनीत जातो. त्या घरात अर्थिंग नसेल तर तो आपल्या हातातून वाट शोधतो. त्यासाठी तीन पिनांचा अडॅप्टर हवा, आणि तो असूनही झिणझिण्या येत असतील तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, कारण तेथील कूलर किंवा फ्रीज लहान मुलांसाठी लॅपटॉपपेक्षा कितीतरी धोक्याचा असू शकतो. कूलरचा उल्लेख आलाच आहे, तर एवढे सांगतो की त्याच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नये. थंड वाटते, पण त्या हवेसोबत क्षारयुक्त पाण्याचे तुषार पंख्यातून आत जातात.

बॅटरीची क्षमता ‘किती तास चालते’ या दाव्यावरून ओळखू नये. ती वॅट-तासांत पाहावी. ५५ वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी ११ वॅटचा वापर असेल, तर पाच तास मिळतात. जड कामात ४० वॅट लागू लागले की तीच बॅटरी दीड तासाच्या आत संपते. फिरतीसाठी निदान ५५ ते ७० वॅट-तास असावेत. १०० च्या वर नको, कारण विमानात त्याहून मोठ्या बॅटरीसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. यूएसबी-सीने चार्ज होणारा लॅपटॉप घेतला, तर मुक्कामी यजमानाकडचा ६५ वॅटचा चार्जर, गाडीतला चार्जर किंवा पॉवर बँक यांपैकी काहीही चालते. पॉवर बँक मात्र लॅपटॉपसाठीची हवी. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे ७४ वॅट-तास, आणि वाटेतली घट धरता साधारण एकदा लॅपटॉप भरता येतो. पण फोनसाठीची, १८ किंवा २२ वॅट देणारी, पुष्कळदा लॅपटॉप ओळखतही नाही.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे, आणि उष्णतेत पूर्ण भरून ठेवणे हा दुहेरी मारा आहे. व्यावसायिक मालिकांमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते; उन्हाळ्यात ती चालू ठेवावी. एप्रिलमध्ये मी एकदा लॅपटॉप घाटंजीच्या बाजारात उभ्या केलेल्या गाडीत दुपारभर विसरलो होतो. पुढच्या काही आठवड्यांत टचपॅडची कळ दाबायला जड होऊ लागली, मग त्याची एक कडा दोन मिलिमीटर वर आली. आतली बॅटरी फुगली होती. असे दिसले की यंत्र लगेच बंद करावे, चार्जिंगला लावू नये, टोचू किंवा दाबू नये आणि बॅटरी बदलून घ्यावी. बॅटरी तापण्याचे आणखी एक कारण फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. हल्लीचे विंडोज लॅपटॉप झाकण मिटल्यावर पूर्ण झोपत नाहीत. नेटशी जोडलेले राहतात आणि मध्येच जागे होतात. बंद पिशवीत असे झाले की तीन तासांच्या प्रवासानंतर लॅपटॉप भाजून निघालेला आणि बॅटरी रिकामी झालेली आढळते. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ होईल, म्हणजे काम साठवून यंत्र पूर्ण बंद होईल, असे ठरवून द्यावे. हे काम नवा लॅपटॉप हाती आल्याच्या पहिल्याच दिवशी करावे.

पडद्याची प्रखरता निट्समध्ये मोजतात. २५० निट्सचा पडदा खोलीत ठीक दिसतो, पण धुऱ्यावर झाडाच्या सावलीत शेतकऱ्याला त्याचा गट क्रमांक दाखवताना काळा आरसा होतो. किमान ४०० निट्स आणि चमक नसलेला, म्हणजे मॅट पृष्ठभाग, या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात. आकार १४ इंच पुरेसा. १६ इंची पडदा आणि त्याचा जड चार्जर घेऊन काळीपिवळीत मांडीवर बसणे सोपे नाही.

वॉरंटीच्या कागदावर ‘दुसऱ्या दिवशी घरी येऊन दुरुस्ती’ असे छापलेले असले, तरी ती सोय प्रत्येक पिनकोडला लागू नसते. एटापल्ली, भामरागड, धारणी किंवा झरी-जामणीला राहणाऱ्याने खरेदीपूर्वी आपला पिनकोड सांगून कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. तंत्रज्ञ येणार नसेल, तर सर्वांत जवळचे सेवा केंद्र कोठे आहे आणि मदरबोर्डसारखा भाग तेथे किती दिवसांत येतो, हे विचारावे. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांचा लॅपटॉप ऐन कामाच्या दिवसांत सव्वा महिना नागपुरात पडून राहिला होता, आणि प्रत्येक चौकशीला त्यांना नवी तारीख मिळत होती. अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. मोटारसायकलने फिरणाऱ्याने ते अवश्य घ्यावे.

खर्च झेपत नसेल, तर कार्यालयांतून परत आलेली वापरलेली व्यावसायिक यंत्रे हा वाईट पर्याय नाही. नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा तीन-चार वर्षे जुना थिंकपॅड मी केव्हाही पसंत करीन. विंडोज १० चा अधिकृत आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असेच यंत्र घ्यावे. इंटेलच्या बाबतीत याचा अर्थ ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर. विंडोजकडून बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता आणि आता भरणारी क्षमता यांची तुलना करावी, आणि निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यात धरावी. विक्रेत्यासमोर वीस मिनिटे जड काम चालू ठेवून पंखा खरखरतो का ते ऐकावे.

मोटारसायकलवर लॅपटॉप मागच्या कॅरिअरला बांधू नये. तिथे चाकाचा प्रत्येक हादरा थेट यंत्राला बसतो आणि स्क्रू सैल होतात. पाठीवरच्या पिशवीत आपले शरीरच तो हादरा पिऊन टाकते. पिशवीचा तळ जाड स्पंजाचा असावा, पावसाळ्यात आत एक साधी प्लॅस्टिकची थैली असावी, आणि चार्जरची पिन पडद्याच्या बाजूला कधीही ठेवू नये.